नऊ बायकांच्या देखत

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. आहे ते सांगते. निघोज्यात आमच्या गल्लीतून कंपन्यांच्या बसगाड्या जातात. त्यांचे हॉर्न वाजत असले तरी माझी प्रार्थना कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू येते, असं खुद्द गिरणीवालाच म्हणतो. आमच्या चर्चच्या बुधवारच्या भगिनी सभेत पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, शेवटची प्रार्थना मला सांगायच्या त्या यामुळेच. 'शीलवंतीबाईंनी प्रार्थना केली की बरं वाटतं,' असं बायका म्हणायच्या आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मान खाली असली तरी कान वर असायचे.

तर या आवाजानं मी काय करून ठेवलं ते ऐका.

माझे मालक, याकोब पारखे, चाकणला एका कारखान्यात वेल्डर होते. नोकरीत असतानाच त्यांनी इथं एक गुंठा जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या, आणि सहा वर्षांपूर्वी मला त्या दोन खोल्यांत एकटी ठेवून ते प्रभूकडे गेले. आम्हाला मूलबाळ नाही. शेजारी छबूबाईच्या ओळीनं दहा खोल्या आहेत. पूर्वी तिथं त्यांचा कांदा व्हायचा. आता खोल्याखोल्यांतून कंत्राटावर काम करणारी मुलंमुली राहतात. पाचव्या खोलीत दिपाली आणि दिव्या राहायच्या. दोघी परभणीकडच्या, एकाच गावच्या. गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बांधायच्या कंपनीत दोघींना काम होतं. दिव्या आधी आली आणि वर्षभरानं तिनंच दिपालीला आणलं.

डिसेंबरात दिपालीला खोकला लागला. सगळ्यांचा नळ माझ्या दारासमोर, त्यामुळे कोण किती वाळलं, कोण किती सुजलं, हे मला आपोआप कळतं. ही पोरगी महिन्याभरात अशी उतरली की कंपनीचा शर्ट अंगावर लोंबायला लागला. औषधाच्या दुकानातून खोकल्याच्या बाटल्या आणून पीत होती. मी दोन वेळा सांगितलं, तिसऱ्या वेळी सांगत बसले नाही, दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

तिथल्या सिस्टरनं नीट समजावलं. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. दोनतीन आठवडे गोळ्या पोटात गेल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, तोवर मास्क लावायचा. पण बरं वाटतंय म्हणून मधेच सोडलं तर रोग उलटतो आणि मग याच गोळ्या त्याला ऐकत नाहीत. दिपाली खाली बघत ऐकत होती. तिला हे नवीन नव्हतं. गावी तिच्या आत्याला हाच रोग झाला होता. तिला घरच्यांनी गोठ्यात ठेवलं, तिनं गोळ्या मधेच टाकल्या, आणि ती गेली.

येताना रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला.

"मावशी, कुणालाच सांगू नका. कंपनीत कळलं तर काढतील. गावी कळलं तर दादा परत नेतील, मग माझं आत्यासारखंच होईल."

दादा म्हणजे तिचे वडील. मी म्हटलं, "माणसाला सांगणार नाही, जा." आणि खरंच, माणसाला नाही सांगितलं.

पुढच्या बुधवारी सभा इंदुताईंकडे होती. मला धरून दहा जणी. गीत झालं, वाचन झालं, मग विनंत्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या नवऱ्याची दारू. पाळकबाईंनी मला खूण केली आणि मी डोळे मिटले. मी तोंड उघडते तेव्हा आधी ठरवून काही उघडत नाही. पोटात जे असेल ते बाहेर येतं, आणि त्या आठवड्यात माझ्या पोटात ती पोरगीच होती. मी म्हणाले, हे प्रभू, आमच्या शेजारची दिपाली, छबूबाईंच्या पाचव्या खोलीतली, तिला टीबी झालाय, तिच्या फुप्फुसांवर तुझा हात ठेव, तिची वायरींच्या कंपनीतली नोकरी सांभाळ. प्रभूला खोलीचा नंबर सांगायची काय गरज होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी तो खड्या आवाजात सांगितला, नऊ बायकांच्या देखत. सगळ्या जणी 'आमेन' म्हणाल्या. इंदुताईंनी डोळे पुसले. मग आम्ही पोहे खाल्ले आणि मी हलक्या मनानं घरी आले.

इंदुताईंचा धाकटा भाऊ उद्धवराव त्या वायरींच्या कंपनीला मुली पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. बसमध्ये कोण बसणार याची यादी त्याच्या हातात. इंदुताईंनी जेवताना त्याच्याकडे विषय काढला, आणि काढला तो चांगल्याच हेतूनं, की बाबा, पोरगी आजारी आहे, तिला बसून करायचं काम दे. उद्धवरावानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी यादीतून तिचं नाव खोडलं. इंदुताईंच्या मनात खोट नव्हती, माझ्याही नव्हती. मनात खोट नसलेल्या दोन बायकांनी मिळून एका मुलीची नोकरी घालवली.

बसमधून बातमी चाळीत यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर छबूबाई कमरेवर हात ठेवून उभी. "पोरी, तुजं सामान उचल. तुज्यापायी बाकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या तर आमी काय करायचं?" दिपालीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ दिव्याकडे वळली. गोळ्यांची पाकिटं दिव्यानंच तर पाहिली होती, दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"तूच सांगितलंस," ती म्हणाली. "बसमध्ये बसून तूच सांगितलंस."

दिव्या शपथा घ्यायला लागली. आईची घेतली, देवाची घेतली. दिपाली म्हणाली की आजपासून तू माझ्या गावची नाहीस. दिव्याच्या हातातून कळशी सुटली. माझी बादली नळाखाली भरून वाहत होती आणि मी तिथंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यासारख्या बाईला ते जड जायला नको होतं. मी बोललेही, पण वेगळंच. म्हणाले, "चल दिपाली, माझ्याकडे राहा."

ती आली. पुढची खोली तिला दिली. सकाळी गोळ्या, तासाभरानं चहा, मग दोन उकडलेली अंडी, दुपारी भाकरी आणि डाळ. गोळ्यांनी तिला मळमळायचं, मी पाठीवरून हात फिरवायचे. ती माझ्या शेजारी बसून भाजी निवडायची. एकदा कांदा चिरता चिरता तिच्या तोंडून 'आई' निघून गेलं, ती हसली आणि 'मावशी' म्हणाली. मी मोरीत जाऊन रडून आले.

मी स्वतःला सांगत होते की गप्प राहणं तिच्याच भल्याचं आहे. खरं कळलं तर रागानं गावी निघून जाईल, गोळ्या सुटतील, आत्यासारखं होईल. हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. पूर्ण खरं असं की या घरात सहा वर्षांनी दुसऱ्या माणसाच्या चपला दिसत होत्या आणि मला त्या हलवायच्या नव्हत्या.

एका संध्याकाळी दिव्या दारात आली. दिपालीचा स्वेटर आणि दोन ओढण्या धुऊन, घड्या घालून आणल्या होत्या. दिपाली आतून बाहेर आली नाही. दिव्या हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तिनं गावी माझ्या आईला फोन करून सांगितलं, की दिव्यानं माझी नोकरी घालवली. मी नाही ओ सांगितलं. तुमचं ती ऐकते. तुम्ही तरी सांगा तिला."

मी म्हटलं, "बघते."

स्वेटर घेतला आणि दार लावलं. छबूबाईचा एक कोंबडा आहे. त्याला वेळेचं भान नाही, दिवसभर कधीही आरवतो. प्रभूला ओळखत नाही असं तीन वेळा सांगणाऱ्या शिष्याला कोंबड्याच्या आरवण्यानंच भानावर आणलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्याकडे तर तीन आठवडे कोंबडा आरवत होता आणि मी त्याला दगड मारून हाकलत होते.

मग तो रविवार आला. चाकणला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमची उपासना असते. पाळकसाहेबांनी वाटेत जखमी पडलेल्याला उचलून नेणाऱ्या माणसाची गोष्ट घेतली. ती मला तोंडपाठ आहे, म्हणून मी छताचा पंखा बघत बसले होते. इतक्यात ते म्हणाले की असं माणूस आपल्या मंडळीतही आहे, शीलवंतीबाई, जरा उभ्या राहा. मी उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्टीतल्या माणसानं त्या प्रवाशाला निदान आधी पाडलं तरी नव्हतं. मी टाळ्या थांबायच्या आत खाली बसले. लोकांना वाटलं, बाई किती नम्र आहे.

सोमवारी सकाळी मी आधी तिला गोळ्या घेऊ दिल्या. त्या पोटात जाईपर्यंत थांबले, पाण्याचा पेला हातातून घेतला, आणि मग सांगितलं. इंदुताईंचं घर, प्रार्थना, पाचवी खोली, उद्धवराव. काहीच ठेवलं नाही. इंदुताईंवर ढकलायचा मोह झाला होता, तो गिळला.

तिनं दारातून पाचव्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे दिव्यानं नाही?"

"नाही."

"मावशी, तुम्ही देवाला सांगत होता ना?"

"हो गं."

"मग देवाला माझं नाव माहीत नव्हतं का?"

चाळीस वर्षं मी प्रार्थना करतेय. पाळकांना अडचणीचे प्रश्न विचारणारी म्हणून माझी ख्याती आहे. हा प्रश्न मात्र मला कधी सुचला नव्हता. तिनं पिशवी भरली. मी फक्त गोळ्यांची पाकिटं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण तो या गोळ्यांवर काढू नको. तिनं पाकिटं घेतली. चपला घातल्या आणि गेली.

दिव्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून ती खोलीवरच होती. मी दारातून बघत होते. दिपाली पाचव्या खोलीसमोर उभी राहिली. दिव्यानं दार उघडलं. कोण काय बोललं ते ऐकू आलं नाही, पण दिव्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मग दोघी उंबऱ्यातच गळ्यात पडल्या. तेवढ्यात छबूबाई ओरडत बाहेर आली आणि मीही धावले.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही बातमी मी फोडली, दिव्यानं नाही. आणि आता महिना उलटून गेला, गोळ्या चालू आहेत, रोग कुणाला लागत नाही, दवाखान्याचा कागद आहे.

छबूबाई म्हणाली, "शीले, तुज्या तोंडाला कुलूप न्हाई व्हय गं?"

मी म्हटलं, "नाही. म्हणून तर ही वेळ आली."

"आन् लागत न्हाई म्हन्तीस. मंग तिच्या ताटातलं खाऊन दाव."

मी तीन आठवडे तिच्याबरोबर एका ताटात जेवत होते. पण ते छबूबाईनं पाहिलं नव्हतं, आणि तिचं म्हणणं होतं की आमच्या डोळ्यांसमोर खा. दिव्या आत गेली आणि भाकरी आणि ठेचा घेऊन आली. दिपालीनं एक घास खाऊन उरलेली भाकरी माझ्याकडे न बघता पुढे केली. नळावर पंधरावीस माणसं, हातात बादल्या. मी उभ्यानं ती भाकरी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. परभणीचा ठेचा, डोळ्यांतून पाणी आलं. कुणाला वाटलं रडते, कुणाला वाटलं तिखट लागलं. दोन्ही होतं. छबूबाई माझे रिकामे हात बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिला."

त्या बुधवारी सभेत विनंत्यांच्या वेळी मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या प्रार्थनेनं एका मुलीची नोकरी गेली. इंदुताई लालबुंद झाल्या. म्हणाल्या, म्हणजे माझ्यावर घसरताय. मी म्हटलं, मी बातमी पुरवली नसती तर भावाच्या ताटात तुम्ही काय वाढलं असतं? त्या रडल्या, उठून आत गेल्या, आणि चहा घेऊन परत आल्या. मग उद्धवरावाच्या इतक्या मागे लागल्या की शेवटी त्यानं शब्द दिला: सहा महिने पूर्ण होऊ द्या, शेवटची तपासणी साफ निघाली तर घेतो. तोवर दिव्याच्या पगारावर दोघी राहिल्या.

मी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. नाव घ्यायचं नाही हे तर ठरलंच होतं, पण 'एका मुलीसाठी' म्हटलं तरी नऊ जणींना कोण ते कळणार. म्हणून गप्पच बसायचे. पाळकबाई खूण करायच्या, मी मान हलवायचे. गिरणीवाल्यानं एकदा विचारलं, बाई, तब्येत बरी नाही का?

तिच्यासाठी करायचं काही उरलं होतं तर ती दोन अंडी. रोज सकाळी स्टीलच्या वाटीत घालून पाचव्या खोलीच्या पायरीवर ठेवायचे आणि निघून यायचे. पहिले चार दिवस वाटी तशीच परत आली. दिव्या आणून द्यायची, मला बघून ओशाळायची. पाचव्या दिवशी वाटी रिकामी आली, घासलेली. पुढे रोज रिकामी येत राहिली. दिपाली नळावर भेटली तर बाजूला सरकून मला जागा द्यायची. मोठ्या बाईला द्यावी तशी, त्याहून जास्त काही नाही. तिच्या गालांवर मांस येत होतं, शर्ट खांद्यावर बसायला लागला होता. हे मी लांबून बघायचे आणि घरी येऊन भाजी निवडता निवडता, आवाज न करता, देवाशी बोलायचे. आवाज न करता बोलणं मला फार जड गेलं. देवाला ते ऐकू जातं की नाही याची मला सुरुवातीला खात्री नव्हती, इतकी मी माझ्या घशावर विसंबून होते.

जुलैत सहा महिने भरले. तपासणीचं काय झालं असं विचाराल तर ती साफ निघाली आणि उद्धवरावानं शब्द पाळला. पण मला सांगायचं आहे ते आदल्या दिवसाचं.

बुधवार होता. सभा माझ्याकडे होती. मी दुपारी सतरंजी झटकत होते तेव्हा दारात दिपाली उभी. हातात वाटी. पाच महिन्यांत ती पहिल्यांदा स्वतः घेऊन आली होती.

"आज तुमची सभा आहे ना?"

"आहे. चारला."

"उद्या माझी शेवटची तपासणी आहे. लई भीती वाटायली." ती वाटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "प्रार्थना करा माझ्यासाठी."

मी म्हटलं, "रोज करते. मनातल्या मनात."

"तशी नको. नाव घेऊन करा." मग जरा थांबून म्हणाली, "आता मी सांगतेय म्हणून."

तिनं वाटी माझ्या हातात दिली. आत चिमूटभर साखर होती.

चार वाजता आम्ही दहा जणी बसलो. विनंत्यांची वेळ झाली तेव्हा मी हात वर केला. पाळकबाईंना इतकं नवल वाटलं की त्यांनी चष्मा काढला. मी सांगितलं, "दिपालीसाठी. तिनं सांगितलंय, म्हणून सांगते." इंदुताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, आणि माझा तो सगळ्या निघोज्याला माहीत असलेला आवाज कुठं गेला कोण जाणे. घशातून धाग्याएवढा सूर निघत होता. शेजारी बसलेल्या इंदुताईंना कान पुढे करावा लागला. तिचं नाव घेतलं की पुढचा शब्दच सुचेना, पुन्हा नावच यायचं.

तेवढ्यात बाहेरून, माझ्या पायरीवरून, कुणीतरी बोललं. ती तिथं कधी येऊन बसली होती ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

"मावशी," दिपाली म्हणाली, "इथं ऐकू येत नाही."

मी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.